‘वेड्यांचा डॉक्टर’ व्हायचे म्हणते पोरगी

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत पालकांची वर्दळ सुरू होते. कुणाच्या हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स, कुणाच्या हातात दाखल्यांची प्लॅस्टिकची पिशवी. आम्ही कचेरीतून सुटलो की संध्याकाळी सात ते नऊ तिथे बसतो. फॉर्म कसा भरायचा, उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, कोणत्या शाखेला जायचे, हे जमेल तसे सांगतो. पंधरा-सोळा वर्षे हे काम चालू आहे. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, असा थोडा ताठाही आमच्या अंगी आला होता. यंदा एका मुलीने तो उतरवला.

मुलीचे वडील पालिकेत सफाई खात्यात आहेत. आई दोन घरची धुणीभांडी करते. मुलगी कला शाखेतून बारावी झाली, गुण एकाहत्तर टक्के. वडील खुर्चीवर टेकलेही नाहीत. उभ्या-उभ्याच म्हणाले, “भाऊ, तुम्हीच समजवा हिला. मानसशास्त्र घ्यायचं म्हणते. वेड्यांचा डॉक्टर व्हायचंय म्हणे. उद्या सोयरीक जुळवायला बसलो तर लोक काय म्हणतील?”

आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून. आमचे उत्तर तयारच होते. “बाळ, पदवी घे आणि स्पर्धा परीक्षा दे. बँक आहे, रेल्वे आहे, मंत्रालय आहे. पहिली तारीख चुकत नाही, यासारखं सुख नाही.” वडिलांनी मान डोलावली. मुलगी मात्र खाली बघत होती. मग म्हणाली, “काका, एक विचारू? आमची आजी कोरोनात गेली तेव्हा तुम्ही आला होतात ना?”

आलो होतो. एप्रिल २०२१ होता. आजीला दवाखान्यात नेले ते नेलेच. तोंड बघायला मिळाले नाही, अंत्ययात्रा नाही, घरी चार माणसे जमली नाहीत. आम्ही दारातूनच हात जोडून परतलो होतो.

मुलगी म्हणाली, “त्यानंतर आई रडलीच नाही. तीन महिने भाकरी थापायची आणि परातीकडे बघत बसायची. रात्री उठून दार उघडायची. सगळे म्हणायचे, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मग एका संस्थेच्या ताई दर बुधवारी फोन करायला लागल्या. पहिले दोन फोन आई बोललीच नाही. त्या ताई फक्त विचारायच्या, आज जेवलात का? झोप लागली का? तिसऱ्या फोनला आई आजीबद्दल बोलायला लागली आणि तासभर रडली. त्या रात्री ती झोपली. काका, आई वेडी नव्हती. आणि त्या ताई वेड्यांच्या डॉक्टर नव्हत्या. मला त्यांच्यासारखं व्हायचंय.”

वडील दुसरीकडे बघू लागले. आमचीही जीभ टाळ्याला चिकटली. “पुढच्या आठवड्यात या,” एवढेच म्हणालो. खरे सांगायचे तर आम्हाला काही माहीतच नव्हते.

पाठमोरे वडील

त्या रात्री घरी आम्हाला आमचे वडील आठवले. ते गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही दोन-तीन वर्षांचे होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. गिरणी परत मिळाली नाही ती नाहीच. आमच्या लहानपणीच्या आठवणीत वडील आहेत ते पाठमोरे. भिंतीकडे तोंड करून बसलेले. बोलावले तर ‘हं’ म्हणायचे. दारू प्यायचे नाहीत, मारायचे नाहीत, काही मागायचे नाहीत. फक्त बसायचे.

शेजारपाजारचे आईला म्हणायचे, बाहेरचे बघून घे, गंडा बांध. आईने ते केले नाही. बाबासाहेबांनी त्या वाटेवरून आपल्याला बाहेर काढले आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. पण मग करायचे काय, हे तिला कुणी सांगितले नाही. वडील गेले तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. त्यांना आम्ही एकदाही विचारले नाही, ‘दादा, मनात काय चालले आहे?’ विचारायचे असते हेच आम्हाला माहीत नव्हते.

म्हणून त्या आठवड्यात आम्ही वाचनालयात बसलो, दोन जाणत्या माणसांना विचारले, वाचले, टिपणे काढली. जे कळले ते आज वाचकांपुढे ठेवतो. कारण हा प्रश्न त्या एका मुलीचा नाही.

कोण काय करतो?

आधी एक घोळ मिटवू. मनोविकारतज्ज्ञ हा एम. बी. बी. एस. झालेला डॉक्टर असतो, तो औषधे लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्राची उच्च पदवी घेतलेला असतो. तो चाचण्या घेतो, बोलण्यातून, सरावातून उपचार करतो, औषधे देत नाही. समुपदेशक माणसाच्या अडचणीत त्याच्याबरोबर बसतो, ऐकतो, वाट शोधायला मदत करतो. कुटुंबातली भांडणे, परीक्षेची भीती, मृत्यूचे दुःख, नोकरी गेल्याचा धक्का, हे सगळे त्याच्या कामात येते. यांतले कुणीच ‘वेड्यांचे डॉक्टर’ नाहीत. ताप आलेल्या माणसाला जसे आपण रोगट म्हणून टाकून देत नाही, तसेच हे आहे.

मेमी फिप्स क्लार्क : सेक्रेटरी ते मानसशास्त्रज्ञ

वाचता वाचता आम्हाला एक बाई भेटल्या आणि आमचे मन तिथेच अडकले. मेमी फिप्स क्लार्क. जन्म १९१७, अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातले हॉट स्प्रिंग्ज गाव. कृष्णवर्णीय कुटुंब. वडील डॉक्टर होते म्हणून घरी खायची ददात नव्हती, पण शाळा काळ्यांची वेगळी, गोऱ्यांची वेगळी. काळ्या माणसाने कुठे जायचे आणि कुठे नाही, हे लहानपणीच अंगवळणी पडलेले.

१९३४ साली त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या, त्या गणित शिकायला. तिथले प्राध्यापक मुलींना फारसे उत्तेजन देईनात. मग केनेथ क्लार्क या सहाध्यायाने, जे पुढे त्यांचे पती झाले, त्यांना मानसशास्त्राकडे वळवले. १९३८ साली पदवी मिळाल्यावर त्यांनी नोकरी धरली ती एका वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरीची. हे वाचले आणि आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. आपल्याच जातकुळीची नोकरी! पण ती कचेरी साधी नव्हती. काळ्या-गोऱ्यांच्या भेदाविरुद्ध लढणारे वकील तिथे ये-जा करत, खटल्यांची तयारी करत. ते कागद बघता बघता मेमीबाईंच्या ध्यानात आले की हा भेद कायद्याने मोडता येईल आणि त्यासाठी पुरावा लागेल. मनावर झालेल्या जखमेचा पुरावा कोण देणार?

पुढे त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटसाठी गेल्या, रोझेनवाल्ड शिष्यवृत्तीच्या आधारावर. हे तेच विद्यापीठ, जिथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर शिकले. तिथे मेमीबाईंनी मार्गदर्शक म्हणून कुणाला निवडावे? हेन्री गॅरेट या प्राध्यापकाला. काळे लोक बुद्धीने कमी असतात, असे मानणारा हा माणूस. त्याच्याच हाताखाली त्यांनी काम केले आणि १९४३ साली डॉक्टरेट मिळवली. कोलंबियातून मानसशास्त्रात डॉक्टरेट घेणाऱ्या त्या दुसऱ्या कृष्णवर्णीय. पहिले त्यांचे पतीच.

चार बाहुल्या

क्लार्क पती-पत्नींचा एक प्रयोग जगभर गाजला. चार बाहुल्या घेतल्या. सगळ्या एकसारख्या, दोन गोऱ्या रंगाच्या आणि दोन सावळ्या. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे त्या ठेवल्या. काही मुले दक्षिणेकडच्या वेगळ्या शाळांतली, काही उत्तरेकडच्या मिश्र शाळांतली. विचारले, तुला खेळायला कोणती आवडेल? चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? आणि शेवटी, तुझ्यासारखी कोणती?

सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. शंभरातल्या एकोणसाठ मुलांनी ‘वाईट दिसते ती’ म्हणून सावळी बाहुली दाखवली. आणि मग ‘तुझ्यासारखी कोणती?’ या प्रश्नाला त्याच सावळ्या बाहुलीकडे बोट न्यायची पाळी आली तेव्हा काही लेकरे रडू लागली. हे निष्कर्ष १९४७ साली छापून आले.

वाचकहो, आपल्यापैकी किती जणांना हे परके वाटेल? शाळेत नाव सांगितल्यावर आडनाव विचारले जाते आणि आडनाव सांगताना पोराचा आवाज खाली जातो, तेव्हा त्याच्या मनात काय घडते, ते या बाहुल्यांनी दाखवून दिले.

शाळांतला भेद मोडण्यासाठी खटले सुरू झाले. व्हर्जिनियातल्या खटल्यात भेदाच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले ते प्राध्यापक हेन्री गॅरेट. त्यांचे म्हणणे खोडायला उभ्या राहिल्या त्यांच्याच विद्यार्थिनी, डॉक्टर मेमी क्लार्क. तो खटला पुढे ‘ब्राऊन’ खटल्यात मिळवला गेला आणि १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. मुलांच्या मनावर होणाऱ्या परिणामाचा विचार त्या निकालपत्रात आहे आणि तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लिखाणाचा उल्लेख आहे.

तळघरातले केंद्र

पण आम्हाला मेमीबाई मोठ्या वाटल्या त्या खटल्यापेक्षाही दुसऱ्या कामामुळे. डॉक्टरेट मिळाली तरी काळ्या बाईला धड नोकरी मिळेना. मिळाली ती आकडेमोडीची, शिक्षणाशी न जुळणारी. पुढे बेघर कृष्णवर्णीय मुलींच्या आश्रयगृहात चाचण्या घेण्याचे आणि समुपदेशनाचे काम मिळाले. तिथे त्यांना दिसले की या पोरींना मायेने समजून घेणारी जागा शहरात जवळपास नाहीच. त्यांनी आणि पतीने शहरातल्या मोठमोठ्या संस्थांना विनंत्या केल्या की हार्लेमच्या मुलांसाठी काही करा. कुणी तयार होईना. तेव्हा १९४६ साली वडिलांकडून पैसे उसने घेऊन त्यांनी हार्लेममध्ये एका इमारतीच्या तळघरात स्वतःच केंद्र उघडले. पुढे त्याचे नाव नॉर्थसाईड केंद्र झाले.

सुरुवातीला आईबाप यायला कचरत. ‘तिकडे गेलो तर लोक पोराला वेडे म्हणतील.’ म्हणजे आमच्या अभ्यासिकेतला प्रश्न तिथेही होताच! मग एक गोष्ट घडली. शाळा काळ्या मुलांना ‘मतिमंद’ ठरवून वेगळ्या वर्गात टाकत होत्या. काही आईबापांना ते पटेना. त्यांनी पोरांना केंद्रात आणले. मेमीबाईंनी रीतसर चाचण्या घेतल्या तेव्हा दिसले की यांतली बहुतेक मुले मतिमंद नाहीतच. त्यांना वाचायला नीट शिकवलेलेच नाही. केंद्राने तो अहवाल शाळांपुढे ठेवला आणि स्वतः वाचन व गणिताचे वर्ग सुरू केले. त्यांची समज अशी होती की पोराचे मन बरे करायचे तर त्याचे घर, त्याची शाळा, आईबापाची रोजची ओढाताण याकडे डोळेझाक करून चालत नाही. १९७९ सालापर्यंत, तेहेतीस वर्षे, त्यांनी ते केंद्र चालवले. १९८३ साली त्या गेल्या. केंद्र त्यांच्या मागे चालू राहिले.

संकट येते तेव्हा

आता दुसरी बाजू. भूकंप, पूर, दंगल, युद्ध, साथ, यांत सापडलेल्या माणसांच्या मनाला आधार देणे ही आज मदतकार्याचीच एक शाखा झाली आहे. अन्न, औषध, तंबू यांच्या बरोबरीने मानसिक आधार धरला जातो.

आपल्याला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गावे गाढ झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. साडेसात हजारांहून जास्त माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे उठवून दुसरीकडे वसवावी लागली. सिमेंटची घरे मिळाली. पण दगडी घराची भीती, पत्र्याच्या छपराखालीही न लागणारी झोप, एका रात्रीत अनाथ झालेली पोरे, यांचे पंचनामे कुणी करायचे? त्या वेळी भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला शिक्षणासाठी आणले. शाळेची घंटा, जेवणाची वेळ, खेळायला सवंगडी हेही मनाचे औषधच असते, हे आज तज्ज्ञ सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की युद्ध-संघर्षाच्या मुलखात राहणाऱ्या दर पाच माणसांपैकी एकाला कसला ना कसला मानसिक आजार असतो. दुःख, भीती, झोप उडणे तर जवळपास सगळ्यांनाच होते. ते आजारपण नव्हे. आधार मिळाला तर बहुतेक माणसे हळूहळू सावरतात.

२००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांच्या समितीने यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत चार थरांची उतरंड आहे. सगळ्यांत खालचा आणि रुंद थर म्हणजे अन्न, पाणी, निवारा, सुरक्षितता, आणि हे सगळे मान राखून देणे. त्यावर कुटुंब आणि वस्तीचा आधार. त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्याचे समुपदेशन. आणि अगदी वरच्या अरुंद थरावर तज्ज्ञांचा उपचार, तोही ज्यांना खरोखर गरज आहे अशा थोड्यांसाठी.

‘मान राखून’ हे शब्द वाचून आम्हाला त्सुनामी आठवली. २६ डिसेंबर २००४. तामिळनाडूचा नागपट्टिनम जिल्हा उद्ध्वस्त झाला. बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने तिथे स्थानिक कार्यकर्त्यांना लोकांच्या मनाला आधार कसा द्यायचा ते शिकवले. मोठे काम झाले. पण त्याच किनाऱ्यावर काही छावण्यांत दलित कुटुंबांना शिरू दिले नाही, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, अशा तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. समुद्राने लाट आणताना जात विचारली नव्हती. पाणी वाटताना माणसांनी विचारली. अशा बाईपुढे बसून समुपदेशकाने काय सांगायचे? दीर्घ श्वास घ्या? तिथे आधी टाकीचा नळ मोकळा करावा लागतो. चांगला मानसशास्त्रज्ञ हे ओळखतो आणि बोलतोही. म्हणून आपल्या घरांतली मुले या कामात हवीत. ज्याने नळावरचा अपमान सोसला आहे, त्याला तो कागदावर शोधावा लागत नाही.

पहा, ऐका, जोडा

२०११ साली जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी ‘मानसिक प्रथमोपचार’ शिकवणारी पुस्तिका काढली. तिचे सार तीन शब्दांत आहे. पहा, ऐका, जोडा. आधी पहा, धोका कुठे आहे, कोण जास्त हादरले आहे. मग ऐका, जबरदस्तीने बोलायला लावू नका, ‘रडू नको’, ‘देवाची मर्जी’, ‘तुझ्यापेक्षा त्याचे बघ’ असले काही म्हणू नका. मग जोडा, त्याच्या माणसांशी, दवाखान्याशी, रेशनशी, हरवलेल्याचा शोध घेणाऱ्या खात्याशी. झाल्या प्रकाराची कहाणी पुन्हा पुन्हा उकरून काढायला लावणे उपयोगाचे नसते, कधी उलटे त्रासाचे ठरते. त्या फोनवरच्या ताई ‘आज जेवलात का?’ एवढेच का विचारत होत्या, ते आम्हाला इथे उमगले.

आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशाची गोष्ट तर आपल्या महिला मंडळांनी जरूर ऐकावी. २००५ साली तिथल्या सरकारने शहरांतल्या झोपड्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सात लाख माणसांचे घर किंवा रोजगार किंवा दोन्ही गेले. डिक्सन चिबांडा हे मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने आत्महत्या केली. दवाखान्यात यायला तिच्याकडे बसभाडे नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी ठरवले की उपचार दवाखान्यात अडवून ठेवायचा नाही. २००६ साली हरारेच्या एका गरीब वस्तीत चौदा आज्यांना शिकवून त्यांनी काम सुरू केले. दवाखान्याच्या अंगणात लाकडी बाक टाकला, त्याला नाव दिले मैत्रीचा बाक. आजी बाकावर बसते, ऐकते, एकेक अडचण वेगळी काढून सोडवायला मदत करते. २०१६ साली शास्त्रीय कसोटीवर ताडून पाहिले तेव्हा बाकावर येणाऱ्यांचा त्रास इतरांपेक्षा पुष्कळ कमी झालेला दिसला. म्हणजे वर तज्ज्ञ हवाच, पण त्याच्या हाताशी वस्तीतली शहाणी माणसेही हवीत.

वाट कशी आहे?

आता त्या मुलीच्या वडिलांचा खरा प्रश्न, शिकायचे कसे आणि पोट भरेल का?

बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असली तरी मानसशास्त्रात बी. ए. करता येते. त्यानंतर दोन वर्षांचे एम. ए. मुंबई, पुणे विद्यापीठांत आहे, देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आहे. रुग्णोपचार करणारा क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर पुढे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. २०२१ च्या नव्या कायद्यामुळे या क्षेत्राचे नियम बदलत आहेत. म्हणून प्रवेश घेण्याआधी या अभ्यासक्रमाला कोणत्या परिषदेची मान्यता आहे, हे कॉलेजला लेखी विचारा. तीन महिन्यांत समुपदेशक बनवतो म्हणणाऱ्या क्लासवाल्यांना पैसे देऊ नका. मानसशास्त्राचे मुक्त आणि ऑनलाईन पद्धतीचे नवे प्रवेशही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ पासून थांबवले आहेत, तेही ध्यानात ठेवा.

खर्चासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. उत्पन्नाची, गुणांची अट असते, तारीख चुकवू नका.

नोकऱ्या शाळा-कॉलेजांत, दवाखान्यांत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, बालगृहांत, कौटुंबिक न्यायालयात, संकटात मदत करणाऱ्या संस्थांत असतात. लपवून ठेवत नाही, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि संस्थांच्या जागा बहुधा कराराच्या. दिवसभर दुसऱ्याचे दुःख ऐकून स्वतःलाही थकवा येतो. म्हणून या कामात आपल्या मागे एक जाणता वरिष्ठ असावा लागतो, त्याच्यापुढे स्वतःचे मन मोकळे करावे लागते. हे सोपे काम नाही.

आणखी एक सावधगिरी. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्स संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल अहवाल दिला. वेगळे पाडणे, टोमणे, परीक्षेतला दुजाभाव असे सगळे त्यात आहे. अशा जागी पोरांना ‘मन खंबीर करा’ म्हणून समुपदेशकाकडे धाडायचे आणि टोमणे मारणाऱ्याला मोकळे सोडायचे, हा उपचार नव्हे. मेमीबाईंनी मुलांना जवळ घेतले आणि शाळांनाही जाब विचारला. दोन्ही लागते.

पुढच्या आठवड्यात

मुलगी आणि वडील ठरल्याप्रमाणे आले. या वेळी आईही आली होती. आम्ही सगळे सांगितले, पगाराचेही सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “भाऊ, एक सांगा. मी गटारात उतरायचो तेव्हा माझा जोडीदार गुदमरून गेला. माझ्या डोळ्यांसमोर. सात वर्षं झाली. मला अजून रात्री ते दिसतं. हेसुद्धा ह्यात येतं का?”

त्यांच्या बायकोने चमकून त्यांच्याकडे पाहिले. सात वर्षांत हे त्यांनी घरात एकदाही सांगितले नव्हते. मुलगी पुढे सरकली आणि वडिलांच्या शेजारी बसली. काही बोलली नाही. नुसती बसली. आम्हाला वाटले, हिचे शिक्षण सुरू झाले आहे.

“येतं,” आम्ही म्हणालो. त्यांना टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून असा उपचार मिळणे हा आपला हक्कच केला आहे. भीक नव्हे.

फॉर्मवर वडिलांनी त्या दिवशी सही केली नाही. “घरी बसून विचार करतो,” म्हणाले. तीन दिवसांनी मुलगी एकटी आली आणि फॉर्म पुढे ठेवला. सही वडिलांची होती. तिच्याखाली, जिथे काही लिहायचे नसते तिथे, आईनेही आपले नाव लिहिले होते.

वाचकहो, तुमच्याही घरात कुणी भिंतीकडे तोंड करून बसत असेल. गिरणी गेलेला, शेत गेलेले, मूल गेलेली, परीक्षेत मागे पडलेला. आमच्या वडिलांना विचारायचे राहून गेले. तुम्ही विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही. कदाचित तिसऱ्या वेळी मिळेल. तोवर ‘आज जेवलात का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ आहे.

जयभीम!